मिस्त्री, उजेड वाढवून द्या

माझ्या काउंटरमागच्या फळीवर हेडलाइटचे बल्ब मांडलेले आहेत. खालच्या खणात साधा एच-फोर, 60/55 वॅटचा, दीडशे रुपयांच्या आसपास. त्याच्या वर निळसर काचेचा. मग 'शंभर टक्के जास्त उजेड', 'एकशेतीस टक्के जास्त उजेड' असं खोक्यावर छापलेल्या जोड्या, दीड-दोन हजारांपासून पुढे. सगळ्यात वर, बरोबर डोळ्यांच्या रेषेत, मागे छोटे पंखे असलेले एलईडी. त्यांचा भाव विचारायच्या आधीच गिऱ्हाईक हातात घेऊन बघतं. ही मांडणी माझी नाही, माल टाकणाऱ्या एजंटाची आहे. पण मी ती मोडलेलीही नाही, कारण दुकानाचं भाडं वरच्या खणातूनच निघतं.

"मिस्त्री, उजेड कमी पडतोय, वाढवून द्या" हे वाक्य मी साताऱ्यात शिकाऊ होतो तेव्हापासून ऐकतोय आणि आता सांगलीच्या शंभर फुटी रस्त्यावर ऐकतोय. त्याला माझं उत्तर वर्षागणिक ठाम होत गेलं. बहुतेक गाड्यांना नवा बल्ब लागतच नाही. ज्यांना लागतो त्यांना खालच्या खणातला पुरतो. महागाचा बल्ब खरोखर कामी येईल अशा गाड्या अगदी थोड्या.

साताऱ्याला बॉम्बे रेस्टॉरंट चौकापासून जवळच एका चाचांचं बॅटरी-डायनॅमोचं दुकान होतं. आयटीआय झाल्यावर मी तिथं चिकटलो. पुणे-बंगळूर रस्ता तेव्हा एकेरीच होता, मधे दुभाजक नाही, आणि आमच्याकडे येणारं निम्मं काम वडापच्या जीपांचं. त्या जीपांना गोल, सात इंची सील बीम असायचा. काच, रिफ्लेक्टर आणि तार सगळं एकत्र बंद. तार गेली की अख्खा दिवा फेकायचा. युरोपात हॅलोजन बल्ब 1962 साली गाड्यांत आला आणि अप्पर-डिपरच्या दोन तारा एकाच काचेत बसवलेला एच-फोर 1971 साली. आमच्या जीपवाल्यांना मात्र तो नव्वदच्या दशकातही नवलाचा वाटायचा. सील बीम काढून एच-फोर बसवला की ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी येऊन सांगायचा, रस्ता दिवसासारखा दिसतोय. पंधरा दिवसांनी तोच परत यायचा: मिस्त्री, उजेड पुन्हा कमी झालाय.

चाचा अशा वेळी बल्बाला हात लावायचे नाहीत. इंजिन चालू ठेवायला सांगायचे, दिवे लावायचे आणि मीटरच्या काड्या आधी बॅटरीवर टेकवायचे. 14 व्होल्ट. मग त्याच काड्या दिव्याच्या मागच्या होल्डरवर. तिथं साडेअकरा, कधी अकरा. मधले अडीच-तीन व्होल्ट कुठं गेले ते शोधायचं काम माझ्याकडे. बॅटरीपासून निघालेली वीज चावीच्या स्विचमधून जाते, तिथून लाइटच्या स्विचला, तिथून स्टिअरिंगजवळच्या डिपरच्या स्विचला, मग हातभर नव्हे, चांगली दोन-तीन मीटर बारीक वायर पार करून होल्डरला पोचते, आणि शेवटी गंजलेल्या बोल्टावरच्या अर्थमधून परत येते. प्रत्येक ठिकाणी थोडी थोडी गळती. चाचा गिऱ्हाइकाला, म्हणजे बहुतेक वेळा एखाद्या बागायतदाराला, त्याच्याच भाषेत सांगायचे, "नदीवर मोटर पाच एचपीची बसवली आणि पाइपलाइन वाटेत दहा ठिकाणी गळती, तर शेतात पाणी किती पडंल? मग मोटरला शिव्या देऊन काय उपयोग?"

पुढे मी याचा हिशेब वाचून समजून घेतला, तेव्हा चाचांबद्दलचा आदर वाढला. खोक्यावर जो उजेड छापलेला असतो तो 13.2 व्होल्टला मोजलेला असतो. हॅलोजनच्या तारेचा स्वभाव असा की व्होल्टेज थोडं घटलं तरी उजेड फार घटतो. 13.2 चे 12 झाले की सुमारे 28 टक्के उजेड गेला. साडेअकरा झाले की जवळजवळ 37 टक्के. डिपरवर साधारण 1000 लुमेन देणारा बल्ब सव्वासहाशेवर आला. आणि तो काही खराब झालेला नाही, उपाशी आहे. त्याच्या जागी दोन हजारांची जोडी घातली तर तीही तितकीच उपाशी राहणार.

उपाय जुना आहे: रिले. बॅटरीवरून जाड वायर थेट दिव्याकडे न्यायची, वाटेत फ्यूज आणि रिले बसवायचा आणि जुन्या बारीक वायरिंगला फक्त रिलेला 'लाव' म्हणून सांगण्याचं काम ठेवायचं. होल्डर सिरॅमिकचे घालायचे, दोन्ही दिव्यांना नवा अर्थ द्यायचा. सामान सात-आठशे रुपयांचं, वर दोन तासांची मजुरी. बल्ब तोच, दीडशेचा, आणि उजेड दीडपट. गाडीच्या स्विचमधून मोठा करंट जाणं बंद होतं, म्हणून ते स्विचही जास्त टिकतात. याची दुसरी बाजूही गिऱ्हाइकाला सांगावी लागते: पोटभर वीज मिळालेला बल्ब लवकर जातो. व्होल्टेज पाच टक्के वाढलं तर आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं. म्हणजे दीडशेचा बल्ब दोन वर्षांऐवजी वर्षाने बदलावा लागेल. मला हा सौदा स्वस्तच वाटतो.

अडचण इतकीच की रिले दिसत नाही. बॉनेट उघडून शेजाऱ्याला दाखवण्यासारखं त्यात काही नाही. एलईडीची जोडी बसवायला मला वीस मिनिटं लागतात आणि त्यात सुटतं ते रिलेच्या दोन तासांत सुटत नाही. रिले बसवून घेणारं गिऱ्हाईक मात्र टिकतं.

सांगलीला आल्यावर काम बदललं. तासगाव, कवठेमहांकाळ भागातली द्राक्षं जानेवारी ते मार्चच्या दरम्यान रातोरात वाशीच्या बाजारात पोचवायची असतात. पिकअपवाले संध्याकाळी पेट्या भरतात आणि पहाटे मुंबईत असतात. त्यांना उजेड हवा तो शौक म्हणून नव्हे. त्यांच्यात 'शंभर-नव्वद' फार चालायचा, म्हणजे अप्परला 100 वॅट आणि डिपरला 90. साध्या जोडीला अप्परवर साधारण 10 अँपियर लागतात, याला 17 च्या घरात. ते वायरिंग 10 च्या हिशेबाने केलेलं. मग खंबाटकीच्या चढाला जळका वास येतो, होल्डर वितळतो, आणि कधी कधी डिपरचा स्विच तिथंच चिकटून बसतो. ड्रायव्हरने दांडी खाली-वर केली तरी अप्पर लागलेला तो लागलेलाच. कायद्यात हा बल्ब रस्त्यासाठी बसत नाही, पण कायद्याआधी उष्णताच त्याचा निकाल लावते. रिफ्लेक्टरच्या आत जो आरशासारखा पातळ थर असतो तो वर्षा-दोन वर्षांत बल्बाच्या वरच्या बाजूला काळपट पडतो. एकदा तो थर गेला की पुढे कुठलाही बल्ब घाला, उजेड रस्त्यावर न जाता दिव्यातच मरतो.

हे फक्त उष्णतेनेच होतं असं नाही. ऑगस्ट 2019 च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं. पाणी ओसरल्यावर दुकानासमोर जी रांग लागली तिच्यातल्या गाड्यांच्या हेडलाइटमध्ये अक्षरशः गाळ होता. इंजिनं दुरुस्त झाली, सीटा वाळल्या. दिवे धुतले तेही वरवर स्वच्छ दिसायला लागले. पण आतल्या थरावर डाग राहिले. पुढची दोन-तीन वर्षं त्यातल्या गाड्या 'उजेड कमी' म्हणून येत होत्या आणि मालक बल्बामागून बल्ब बदलत होते. अशा गाडीला अख्खा हेडलाइट बदलण्यावाचून इलाज नाही. जुन्या बाजारातला, चांगल्या स्थितीतला, चालतो.

बाहेरची काच वेगळी. ती हल्ली काच नसतेच, पॉलीकार्बोनेटचं प्लास्टिक असतं आणि सात-आठ उन्हाळ्यांत पिवळं, धुरकट होतं. पाण्याने ओला केलेला पॉलिश पेपर, आधी 800 चा, मग 1000, मग 2000, वर रबिंग कंपाउंड, आणि शेवटी ऊन सोसणारा लॅकर. टूथपेस्ट लावून घासण्याचे प्रयोग लोक घरी करून बघतात. दोन आठवडे चकाकी राहते. एका दुपारच्या कामाने जेवढा फरक पडतो तेवढा मी आजवर कुठल्याच बल्बाने पडलेला पाहिलेला नाही. म्हणून जुनी गाडी आली की बल्बाच्या चौकशीआधी मी काचेवर बोट फिरवतो.

आता एलईडीकडे येतो, कारण वाद तिथंच होतो.

एच-फोर बल्ब हातात घेऊन नीट पाहिला तर डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक छोटी वाटी दिसते. या वाटीमुळे उजेड फक्त रिफ्लेक्टरच्या वरच्या अर्ध्यावर पडतो आणि तिथून खाली, रस्त्यावर येतो. भिंतीवर तो पाडला की वर अंधार, खाली उजेड आणि मधे सरळ रेघ. आपल्याकडे डावीकडे थोडी वर चढणारी, म्हणजे कडेने चालणारा माणूस दिसावा. हे सगळं गणित तारेच्या जागेवर आहे. तार पाचेक मिलिमीटर लांब, एक-दीड मिलिमीटर जाड, चहूबाजूंना सारखा उजेड टाकणारी. रिफ्लेक्टरचा प्रत्येक खोलगट भाग त्या एका जागेकडे बघत असतो. आता तिथं एलईडी घातला. त्याला पट्टीच्या दोन बाजूंना चकत्या, मधे उष्णता वाहून नेणारा धातू. उजेड निघण्याची जागा सरकली, दिशा बदलल्या. उजेड भरपूर, पण रिफ्लेक्टर गोंधळलेला.

दुकानाच्या मागच्या भिंतीवर मी काळ्या टेपची एक आडवी रेघ मारून ठेवली आहे. संध्याकाळी गाडी दहा मीटरवर लावायची, एका बाजूला साधा बल्ब, दुसऱ्या बाजूला एलईडी. साध्या बल्बाचा उजेड रेघेच्या खाली बसतो. एलईडीचा रेघेवर सांडतो, मधे काळे पट्टे, कुठं तरी एक झगझगीत ठिपका. बऱ्याच जणांना हे पटतं. काही जण भिंतीकडे बघून म्हणतात, "पण पांढरा आहे की नाही?" त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पांढरा आहे खरा.

आणि फसवणूक इथंच आहे. असा बल्ब बंपरसमोरची दहा-पंधरा मीटर जमीन इतकी उजळून टाकतो की ड्रायव्हरला वाटतं, वा! पण जवळच्या झगझगाटाने डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचं होतं त्याहून कमी दिसायला लागतं. पंधरा मीटरवरचा खड्डा दिसून उपयोग काय, तो दिसेपर्यंत चाक त्यात गेलेलं असतं. पेठ नाक्यावरून सांगलीकडे रात्री ज्यांनी वर्षानुवर्षं गाडी चालवली त्यांना हे वेगळं सांगायला नको.

त्याआधी असाच प्रकार एचआयडीचा झाला होता. बॅलास्टसकट 35 वॅटचे स्वस्त संच बाजारात आले आणि तरण्या पोरांच्या गाड्या जांभळट उजेडात न्हाऊ लागल्या. हॅलोजनच्या तिप्पट लुमेन, आणि तेही हॅलोजनसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये. ती लाट गेली, एलईडीची आली. एलईडीला आणखी बारीक दुखणी आहेत. मागचा पंखा आणि हीटसिंक मोठा, म्हणून दिव्याचं मागचं रबरी झाकण बसत नाही. मग पहिल्याच पावसात आत दमट. काही स्वस्त जोड्या लावल्या की गाडीतला एफएम खरखरायला लागतो. एका गिऱ्हाइकाने तर रेडिओ दुरुस्तीला आणला होता, दिवे बंद केल्यावर रेडिओ बरा झाला.

कंपनीतूनच एलईडी घेऊन आलेल्या गाडीला यातलं काही लागू नाही. तिथं चकती, भिंग आणि रिफ्लेक्टर एकमेकांसाठीच केलेले असतात. माझा आक्षेप एलईडीला नाही, हॅलोजनच्या घरात घुसवलेल्या एलईडीला आहे.

टक्केवारीच्या हॅलोजनांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यात फार काही दडलेलं नाही. 'एकशेतीस टक्के जास्त' म्हणजे सव्वादोन पट उजेड नव्हे. एकूण किती लुमेन द्यायचे याची मर्यादा आंतरराष्ट्रीय नियमांत ठरलेली आहे, ती या बल्बांनाही लागू. तार अधिक बारीक, अधिक घट्ट गुंडाळलेली, आत जास्त दाबाचा वायू. त्यामुळे रस्त्यावरच्या ठराविक बिंदूंवर उजेड दाटतो, आणि त्या बिंदूंवरच्या किमान नियमाशी तुलना करून टक्के छापले जातात. फरक दिसतो, खोटं नाही. पण तार बारीक म्हणून आयुष्य कमी. ज्याची काच स्वच्छ आहे, वायरिंग चोख आहे आणि ज्याला खरंच रात्रीचं फिरावं लागतं, म्हणजे कुंभार्ली उतरून चिपळूणला जाणारा औषधांचा प्रतिनिधी किंवा मध्यरात्री फोन येणारा जनावरांचा डॉक्टर, त्याला मी ही जोडी देतो. पैसे वसूल होतात असं म्हणायची माझी तयारी आहे ती याच लोकांपुरती. निळ्या काचेचा बल्ब मात्र कुणालाच नाही. काचेवरचा निळा रंग उजेडातला पिवळा-तांबडा भाग अडवतो. पैसे जास्त देऊन उजेड कमी घ्यायचा, हा व्यवहार मला कधी समजला नाही.

पसरणी घाटाने पाचगणीला जाणारे पावसाळ्यात वेगळाच प्रश्न घेऊन येतात. जुलैत महाबळेश्वरच्या वाटेवर धुकं असं उतरतं की बॉनेटच्या पुढे काही नाही. पांढरे दिवे लावले की समोर पांढरी भिंत उभी. पिवळा बल्ब धुकं भेदून जातो असं सगळे म्हणतात. फ्रान्समध्ये तर 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून 1993 पर्यंत गाड्यांना पिवळे हेडलाइट सक्तीचे होते. पण धुक्याचे थेंब इतके मोठे असतात की ते पिवळा आणि पांढरा दोन्ही जवळपास सारखेच उधळतात. पिवळ्याचा फायदा आहे तो डोळ्याला: निळा भाग गेल्यामुळे परत येणारा झगझगाट कमी टोचतो. घाटात खरा उपयोग होतो तो बंपरच्या खाली बसवलेल्या, रुंद आणि आखूड पसाऱ्याच्या फॉग लॅम्पचा. अप्पर लावायचा नाही. आणि वेग. वाईचे टॅक्सीवाले हे कुणाच्या सांगण्याशिवाय करतात.

आमच्याकडे येणाऱ्यांमध्ये एक गृहस्थ होते, भाड्याची मोटार चालवणारे. आधी बल्ब बदलले. मग काच पॉलिश केली. मग रिले. मीटर 13.4 दाखवत होता, भिंतीवरची रेघ सुरीने कापल्यासारखी, आणि ते म्हणत, "मिस्त्री, समोरून गाडी आली की पुढचं सगळं जातं." मी त्यांच्या सीटवर बसून कोल्हापूर रस्त्याने अंकलीपर्यंत जाऊन आलो. मला सगळं स्वच्छ दिसत होतं. शेवटी भीत भीत म्हटलं, "आबा, एकदा मिरजेला डोळे दाखवून या." डॉ. वानलेस यांनी 1894 साली तिथं दवाखाना काढला तेव्हापासून आमच्या भागाला दुखणं कुठलंही असो, मिरज हे उत्तर पाठ आहे. मोतीबिंदू निघाला. साठीच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो, त्यात मोतीबिंदू म्हणजे समोरचा दिवा सगळीकडे फुटणार. शस्त्रक्रियेनंतर ते पेढे घेऊन आले आणि बिल काढा म्हणाले. बिल कसलं काढणार?

तेव्हापासून पन्नाशीच्या पुढचं गिऱ्हाईक आलं की मी आडून आडून चष्म्याचा विषय काढतो. आणि विंडस्क्रीन आतून पुसायला सांगतो. बाहेरून सगळे पुसतात. आतल्या बाजूला डॅशबोर्डच्या प्लास्टिकचा आणि श्वासाचा जो पातळ चिकट थर बसतो तो दिवसा दिसत नाही, रात्री समोरून दिवा आला की अख्खी काच पेटते. ओला वर्तमानपत्राचा कागद पुरतो.

गेल्या काही वर्षांत तक्रारींचं वळण बदललंय. पूर्वी लोक म्हणायचे, माझा उजेड कमी आहे. आता म्हणतात, समोरच्याचा सहन होत नाही, म्हणून माझाही वाढवा. महामार्ग चौपदरी झाला तेव्हा दुभाजकात कण्हेर आणि बोगनवेल लावली होती. प्रवाशांना ती शोभेची झाडं वाटायची, पण समोरून येणाऱ्या दिव्यांची झळ अडवण्याचं काम ती करत होती. शेंद्रे ते कागल सहापदरीकरण सुरू झालं, जागोजागी वाहतूक वळवली गेली, समोरासमोर आली, आणि झाडांची ती आड गेली. त्यात प्रत्येक तिसरी गाडी एलईडी टाकलेली. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला 106 वा नियम यावर स्पष्ट आहे: दिव्यासमोर 8 मीटरवर, उजवीकडे अर्ध्या मीटरवर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर कुणाचा डोळा असेल तर तो दिपता कामा नये. म्हणजे समोरून येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरचाच डोळा. हे तपासायला लागणारी टेप आणि भिंत माझ्याकडे आहे, रस्त्यावर कुणाकडे असते?

साध्या बल्बाच्या गाडीनेही समोरच्याला आंधळं करता येतं, तेही फुकट. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांना स्टिअरिंगच्या बाजूला 0 ते 3 आकड्यांचं एक चाक असतं. मागे तिघं आणि डिकीत सामान असलं की गाडीचं नाक वर होतं, तेव्हा ते चाक फिरवून दिवे खाली घ्यायचे. पंढरपूरला निघालेल्या भरल्या गाडीचं ते चाक मी हमखास शून्यावरच पाहतो. पुष्कळांना ते एसीचं वाटतं.

त्या चाकाशी जोडलेला एक हिशेब मी एका खोक्याच्या पाठीवर लिहून काउंटरवर ठेवला आहे. दिवा जमिनीपासून 65 सेंटिमीटरवर. डिपरची रेघ दर दहा मीटरला दहा सेंटिमीटर खाली उतरावी असा फोकस लावतात. म्हणजे ती 65 मीटरवर जमिनीला टेकणार. त्यापुढे डिपरचा उजेड नाही. बल्ब दीडशेचा असो की आठ हजारांचा, 65 मीटरच. महाग बल्ब त्या 65 मीटरच्या आतला रस्ता अधिक उजळ करील, पण रेघ पुढे ढकलणार नाही. ढकलली तर ती समोरच्याच्या डोळ्यांत गेली. आता गाडी. ताशी 80 ला सेकंदाला 22 मीटर. काहीतरी दिसल्यावर ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद, 33 मीटर. ब्रेक लागून थांबेपर्यंत कोरड्या रस्त्यावर आणखी चाळीसेक. बेरीज सत्तरच्या पुढे. ताशी 60 ला तीच बेरीज पन्नासच्या आत. गिऱ्हाईक वाचतं, मान डोलावतं आणि विचारतं, "मग एलईडी कुठला देताय?"

उसाच्या हंगामात या हिशेबाला फार जवळून सामोरं जावं लागतं. बॉयलर पेटले की साखराळे, कुंडल, वाळवा, रेठरे, शेंद्रे, सगळीकडच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रभर चालू. ऊस ट्रॉलीच्या बाहेर हातभर लोंबतोय, मागे दिवा नाही, आणि उसाचं वाळकं पाचट अंधारात रस्त्याच्याच रंगाचं. बैलगाड्या तर त्याहून बुटक्या आणि अंधाऱ्या. समोरून दुसरी गाडी येत असताना डिपरवर असं काही पन्नास मीटरवर दिसलं, तर उरतो तो नशिबाचा भाग.

एक बागायतदार माझे जुने गिऱ्हाईक, वाळवा तालुक्यातले. मोठी गाडी घेतली आणि वरच्या खणातली सगळ्यात महाग जोडी मागितली. का, तर रात्री कारखान्याच्या रस्त्याला ट्रॉल्या दिसत नाहीत.

"अण्णा, तुमच्या किती ट्रॉल्या आहेत?" मी विचारलं.

"दोन ट्रॅक्टर, चार ट्रॉल्या."

"मागे दिवे?"

"असतील की. बघाय पाहिजेत."

नव्हतेच. दिवा आणि वायर होती, पण ट्रॅक्टर आणि पहिल्या ट्रॉलीमधली वायर वळणावर ताणून तुटलेली. कुठल्याही ट्रॉलीची तिथंच तुटते. दुसऱ्या ट्रॉलीपर्यंत तर वीज कधी गेलीच नव्हती. मी त्यांना एलईडी विकला नाही. त्याऐवजी पुढच्या आठवड्यात त्यांच्या वस्तीवर जाऊन चारही ट्रॉल्यांना सात पिनांचे सॉकेट बसवले, वायर पाइपमधून घेतली आणि वळणासाठी मधे ढील सोडली. ट्रॉलीच्या मागच्या पत्र्यावर, उसाने झाकली जाणार नाही इतक्या खाली, लाल रिफ्लेक्टर पट्टी मारली. ही पट्टी समोरच्या दिव्याचा उजेड ज्या दिशेने आला त्याच दिशेने परत धाडते. 65 मीटरची रेघ रस्त्याला टेकली तरी रेघेच्या वर थोडाफार उजेड सांडलेला असतोच, आणि पट्टीला तेवढा पुरतो. साध्या बल्बाच्या, पिवळ्या काचेच्या गाडीलाही ती दीड-दोनशे मीटरवरून लाल चमकते. चार ट्रॉल्यांच्या पट्टीला लागलेले पैसे एका एलईडी बल्बाच्या किमतीत बसले.

आरटीओ आणि कारखाने हंगामाच्या सुरुवातीला अशा पट्ट्या लावण्याच्या मोहिमा करतात. पण पट्टीवर चिखल बसतो, पत्रा बदलतो, डिसेंबरात लावलेली फेब्रुवारीत सोललेली असते. म्हणून आता दसऱ्यानंतर मी ट्रॉलीचं काम मजुरी न घेता, सामानाच्या भावात घेतो. अट एवढीच की महिन्याने ट्रॉली पुन्हा दाखवायची आणि पट्टी स्वतः पुसायची. अण्णांचा मुलगा या हंगामात त्यांच्या भावकीतले तीन ट्रॅक्टर घेऊन आला. एकाच्या सॉकेटला पाणी लागून हिरवा गंज चढला होता. ते बदललं, वर रबरी टोपी घातली आणि त्याला बजावलं की ऊस भरल्यावर, फडातून बाहेर काढायच्या आधी, एकाला मागे उभं करून ब्रेक दाबून बघायचा.